काचेआडचं जॅकेट

१

प्रदर्शनाच्या करारासाठी जॅकेट तपासायला ओसाकाहून आलेल्या जाणकाराने ते कपाटातून काढलं, टेबलावर पसरलं, एकेक बटण भिंगाखाली धरून पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. मग खोलीतले दिवे घालवून त्याने जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी लावली. अंधारात जॅकेट निळसर चमकायला लागलं.

"हे ते नव्हे," तो म्हणाला.

चिहारु उरागामीला वाटलं, माणूस थट्टा करतोय.

"आजकालच्या कपड्यांच्या साबणात उजळपणा आणणारं रसायन असतं," तो सांगू लागला. "कापडात मुरलं की या उजेडात असं चमकतं. तुमचं मूळ जॅकेट तुमच्याकडे आल्यापासून पाण्यात कधी घातलेलंच नाही ना? हे तर घरच्या मशीनमध्ये पुन्हा पुन्हा धुतलंय. ही तुमच्याच कारखान्याची नक्कल आहे. बटणं तेवढी अस्सल. त्यांनीच मला आधी फसवलं."

उरागामींचं जॅकेट माहीत नाही असा माणूस कोजिमात नव्हता. सारं गाव शाळेचे गणवेश शिवून पोट भरत होतं, तेव्हा तरुण सेइजी उरागामी अमेरिकेत भटकायला गेले आणि मोंटानातल्या एका बंद पडलेल्या दुकानाच्या तळघरातून रेल्वे यार्डातल्या कामगाराचं एक जुनं निळं जॅकेट घेऊन परतले. त्यांनी ते उसवलं नाही, धुतलं नाही, अंगात घातलं नाही. मापं घेतली, तसा धागा कातून घेतला, तसं कापड जुन्या मागावर विणून घेतलं, आणि हुबेहूब तसं जॅकेट शिवलं. आज त्या नकलेसाठी जगभरातले शौकीन पुरुष वर्षवर्ष थांबतात. मूळ जॅकेट मात्र दर्शनी खोलीतल्या काचेच्या कपाटात, मंद दिव्याखाली टांगलेलं असायचं.

"बाबा, ऐकलंत का?" चिहारु ओरडली. "चोरी झालीय आपल्याकडे!"

सेइजी उरागामी खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. हात गुडघ्यांवर.

"असं का," ते म्हणाले आणि त्यांनी गार झालेला चहा उचलला.

२

विमा कंपनीने मिनेको सेनोला पाठवलं.

मिनेको पन्नाशी ओलांडलेली बाई. तिचा नवरा मागल्या वर्षी वसंतात गेला, तेव्हापासून तिला रडू आलं नव्हतं, हसूही आलं नव्हतं. दाताच्या डॉक्टरकडे भूल दिल्यावर गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं तिचं सगळंच झालं होतं. जेवायची, झोपायची, कामावर जायची. नवऱ्याचा चष्मा पर्समध्ये घेऊन फिरायची. त्याचा तिला काही उपयोग नव्हता, पण काढून ठेवावा तर कुठे, हेही सुचत नव्हतं. कामात मात्र ती पूर्वीपेक्षा तरबेज झाली होती. समोरची बाई काही ऐकून चपापत नाही, चुकचुकत नाही, हे पाहिलं की माणसं आपणहून जास्त बोलतात.

चिहारुला तर बोलायला निमित्तच हवं होतं.

"मला विचाराल तर इनुकाइकाका," ती दार लोटून घेत म्हणाली. "आमचे कापड कापणारे. बाबांचे उजवे हात म्हणा. पण पलीकडच्या नव्या कारखान्याने त्यांना बोलावणं धाडलंय. अस्सल नमुना हाती लागला तर त्या लोकांना आयतंच ना? नाहीतर मग वहिनी."

"वहिनी म्हणजे?"

"साएको. माझा धाकटा भाऊ तोमोया, त्याची बायको. तो गेला गेल्या डिसेंबरात. लहानपणापासून फिट यायची त्याला. आंघोळीच्या टबात आली." चिहारु हे असं म्हणाली, जसं कुणी पत्ता सांगावा. "मी पॅरिसच्या प्रदर्शनात होते. विमानतळावरून सरळ दाहिनीवर पोचले, शवपेटी झाकलेली होती. वहिनी तेव्हापासून इथेच आहे, दुकान सांभाळते. माहेरी का जात नाही, कळत नाही. काही मिळायची आशा असेल."

"कपाटाची किल्ली कुठे असते?"

"चहाच्या खोलीत, खिळ्याला. कुणीही घ्यावी. आमच्याकडे चोर कुठून येणार, असं वाटायचं."

"जॅकेट शेवटचं बाहेर कधी काढलं होतं?"

"दर वसंतात बाबा ते वाऱ्याला काढतात. यंदा नाही काढलं. हात दुखतो म्हणाले. बाबांचंही काही खरं नाही हल्ली. पूर्वी त्या कपाटाकडे ढुंकून बघायचे नाहीत. नव्या वर्षापासून रोज सकाळी चहा घेऊन त्याच्यासमोर उभे. आणि आता मी विम्याचा अर्ज भरून पुढे ठेवला, तर सही करत नाहीत! चोरी झाली आपल्याकडे, आणि हे चोराची बाजू घेतल्यासारखे गप्प."

मिनेकोने काही लिहून घेतलं नाही. तिने इतकंच विचारलं, "ते चोराची बाजू घेतायत असं तुम्हाला का वाटलं?"



३

इनुकाइ कापडाच्या टेबलाशी उभ्याउभ्या जेवत होता. शिरक्यातली मामाकारी मासळी, भात, लोणच्याच्या फोडी. टक्कल, रुंद छाती, आणि आवाज शिलाई मशीनवर मात करायला सरावलेला.

"या बाई, या. बेड्या आणल्यात का? थोडं थांबा, एवढा मासा संपवतो. तुरुंगात असला मिळायचा नाही."

"तुम्ही नवीन कारखान्यात जाणार आहात म्हणे."

"त्यांनी बोलावलं, मी त्यांच्याकडे चहा प्यायलो, घरी आलो. चहाही बेताचाच होता. चिहारुने सांगितलं ना? तिला मी खांद्यावर बसवून बोनओदोरीचा नाच दाखवलाय, म्हणून तिला माझ्यावर संशय घ्यायचा हक्क आहे."

"कपाटातलं जॅकेट बदललंय, हे तुम्हाला कधी कळलं?"

इनुकाइचं चघळणं थांबलं. ही बाई 'कळलं होतं का' असं विचारत नव्हती.

"तुमच्या हातचं कापलेलं जॅकेट आहे ते," मिनेको सपाट आवाजात म्हणाली. "तुमच्या नजरेतून सुटणार नाही."

"नव्या वर्षात," तो हळू म्हणाला. "सुट्टीनंतर कामावर आलो त्या दिवशी. मला वाटलं, मालकांनी विकलं. पोरगा गेल्यावर माणसाला कशात रस राहतो? माझ्यापासून लपवलंय म्हणजे लाज वाटत असेल, तर आपण कशाला उकरून काढायचं? मी गप्प राहिलो. तुम्ही राहिला नसतात?"

मिनेको म्हणाली, "त्यावर मूळ बटणं आहेत. मग नकलेची स्वतःची बटणं कुठे गेली?"

इनुकाइने हात पुसले, फळीवरून एक डबा काढला आणि टेबलावर पालथा केला. पितळी बटणं गडगडली. जुन्या धाटणीची, शिवायची नव्हेत. मागच्या दांडीत बारीक कडी अडकवली की बटण बसतं, कडी काढली की निघतं.

"नव्या बटणांच्या डब्यात कुणीतरी ही टाकली होती. बघा, झिजलीयत. असली जुनी मी नव्यात मिसळू देत नाही, म्हणून वेगळी ठेवली. छातीची, खिशांची, मनगटांची. सगळीच्या सगळी आहेत."

मिनेकोने एक बटण उचललं. कडेचा मुलामा बोटांनी पार घासून गेला होता.

"म्हणजे मूळ जॅकेट बटणांशिवाय गेलं," ती म्हणाली. "बटणं नसलेलं जॅकेट शौकीन विकत घेईल?"

"घेईल, पण नाक मुरडून. अहो, अर्धा जीव त्या बटणांतच. विकायचं तर आमची नकली बटणं नकलेवरच ठेवायची आणि अस्सल अस्सलवर. शेंबडं पोरही उलटं करणार नाही." इनुकाइ स्वतःच्याच बोलण्यावर थबकला. "मग कुणी केलं असेल हे? आणि कशाला?"

मिनेकोने विषय बदलल्यासारखं विचारलं, "तोमोया मूळ जॅकेट कधी घालायचे का?"

"छे! हात लावला तरी मालक खेकसायचे. दर वसंतात ते बाहेर काढलं की तोमोया मागायचा, 'बाबा, एकदाच घालू द्या.' आणि मालक म्हणायचे, 'मी मेल्यावर घाल.' दर वर्षी तेच, आणि आम्ही सगळे हसायचो." त्याने रिकामा डबा सरळ केला. "अंत्यविधीच्या दिवशी दारात लोकांना सामोरा मीच होतो. मालक इथे, या टेबलाखाली बसले होते. लहान मूल बसतं तसे. उठायलाच तयार नव्हते. आतल्या खोलीत पाऊल टाकलं नाही त्यांनी."

४

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. साएको शर्ट घडी घालत होती, घडी मोडत होती, पुन्हा घालत होती. बारीक, सरळ पाठीची बाई, तिशीतली. बोलताना तिचं तोंड तेवढं हलायचं, बाकी चेहरा जागच्या जागी.

"चिहारुताई माझं नाव सांगत असतील," ती म्हणाली. "सांगू देत."

"राग नाही येत?"

"यायला हवा. येत नाही."

मिनेकोला हे इतकं ओळखीचं वाटलं की तिने तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

"तोमोया काय काम करायचे?"

"घालायचे." साएकोच्या ओठांना किंचित मुरड पडली. "नवीन जॅकेट निघालं की ते अंगात चढवायचं आणि वर्षानुवर्षं घालत राहायचं. कुठे झिजतं, कुठे रंग उडतो ते बघायला. लोकांना जुनं दिसणारं हवं असतं, पण जुनं व्हायला कुणीतरी जगावं लागतं त्यात. ते म्हणायचे, कारखान्यात सगळे हाताने काम करतात, मी पाठीने करतो."

"गाडी चालवायचे?"

"फिट येणाऱ्याला परवाना कोण देणार? मी चालवायची. दुकानं, कापडगिरण्या, दवाखाना. ते शेजारी बसायचे आणि मी रस्ता चुकले की गाणं म्हणायचे."

मिनेको उठली, दर्शनी खोलीत गेली आणि टेबलावरच्या जॅकेटपाशी वाकली. काल तिने ते पाहिलं होतं, पण दिव्याखाली. आता खिडकीतून समुद्राकडचा उजेड येत होता. डाव्या खांद्यावरून छातीवर तिरका, उजव्या कमरेपर्यंत एक रुंद पट्टा उतरला होता. बाकी निळ्यापेक्षा जरासा फिका. ऊन नव्हे, धुणं नव्हे. कशाने तरी रोज तिथंच घासलं होतं.

तिने स्वतःच्या खांद्यावर हात ठेवला. गाडीतला पट्टा. चालवणारा उजवीकडे बसतो, त्याचा पट्टा उजव्या खांद्यावरून येतो. डाव्या खांद्यावरून येतो तो शेजारी बसणाऱ्याचा. इनुकाइ स्वतःचा छोटा ट्रक हाकतो. चिहारु गाडी चालवते. साएको चालवते. वर्षानुवर्षं शेजारीच बसणारा माणूस या घरात एकच होता.

ती परत दुकानात आली.

"तोमोयांचं स्वतःचं जॅकेट आता कुठे आहे?"

साएकोने घडी पूर्ण केली. कॉलर सारखी केली.

"त्यांच्याबरोबर गेलं," ती म्हणाली. "अंगावर तेच घातलं होतं मी."

५

सेइजी उरागामी मागच्या अंगणात होते. दोरीवर निळीत बुडवलेल्या सुताच्या लडी वाळत होत्या. ते एकेक लड पिळून सारखी करत होते. नखांत निळा रंग कायमचा.

"अर्जावर सही हवी असेल," ते मागे न बघता म्हणाले, "तर मिळायची नाही."

"सही मागायला नाही आले. कपाटातलं जॅकेट कुणाचं आहे ते तुम्हाला माहीत आहे, एवढंच बोलायला आले."

त्यांचे हात थांबले नाहीत.

"मूळ जॅकेट तुम्ही कधी रोज उठून पाहिलं नाहीत," मिनेको म्हणाली. "नव्या वर्षापासून पाहताय. तुम्हाला त्या जॅकेटचा धागान् धागा पाठ. ते बदललंय हे तुम्हाला कळलं नसेल, असं कोजिमात कुणी मानणार नाही. तुम्ही रोज सकाळी त्या अमेरिकन कामगाराचं जॅकेट बघायला उभे राहत नाही. मुलाचं बघता."

एक लड त्यांच्या हातून निसटली. त्यांनी ती उचलली, झटकली, पुन्हा टांगली.

"विम्याचं काय ते कॅन्सल करा. चिहारुला मी सांगतो."

"ज्यांनी हे केलं त्यांना वाटतं, तुम्हाला अजून कळलेलं नाही."

"वाटू दे."

"दहा महिने त्या तुमच्यासोबत जेवतायत. प्रत्येक घासाला भीत असतील."

म्हाताऱ्याने पहिल्यांदा वळून पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत दुःख नव्हतं. काहीच नव्हतं. बंद दुकानाच्या काचेतून आत बघावं तसं.

"मी बोललो तर तिला माफी मागावी लागेल," ते म्हणाले. "आणि तिने माफी मागितली, तर मला काहीतरी म्हणावं लागेल. काय म्हणायचं ते मला माहीत नाही, बाई."

मिनेकोने दोरीवरची एक लड सरळ केली.

"माझ्या नवऱ्याला पेटीत ठेवलं तेव्हा मी त्यांना चष्मा घातला होता," ती म्हणाली. "त्याशिवाय त्यांना काही दिसायचं नाही. दाहिनीवरच्या माणसाने तो हळूच काढून माझ्या हातात दिला. म्हणाला, काच आणि धातू चालत नाही. मला राग नाही आला. मी तो पर्समध्ये टाकला. बटणांचं ऐकलं तेव्हा मला ते आठवलं."

उरागामींनी हातातली लड दोरीवर टाकली.

"सगळ्यांना आत बोलवा," मिनेको म्हणाली. "ते जॅकेट चोरीला गेलेलं नाही. ते जळून गेलंय."

६

दर्शनी खोलीत चौघे उभे होते. टेबलावर जॅकेट. मिनेकोने बटणांचा डबा त्याच्या शेजारी ठेवला.

"जॅकेट विकायला नेणारा त्याची बटणं काढणार नाही," ती म्हणाली. "नमुना म्हणून नेणाराही नाही. मूळ जॅकेट बटणांशिवाय बाहेर पडलं, कारण ते जिथे जाणार होतं तिथे धातू चालत नाही. अंत्यसंस्काराची माणसं हे आधी सांगतात, आणि प्रेताला कपडे घालणाऱ्यालाच सांगतात. चिहारु तेव्हा पॅरिसहून येत होत्या. इनुकाइ दारात होते."

"वहिनी?" चिहारुचा आवाज चिरकला. "तू बाबांचं जॅकेट... ते जगात एकच होतं! मी त्यासाठी करार केला, लोकांना शब्द दिला... तू ते जाळलंस?"

साएकोचे हात पोटाशी एकमेकांत अडकले होते.

"मी दिलं," सेइजी उरागामी म्हणाले.

सगळे वळले.

"मीच काढलं कपाटातून. मीच घातलं त्याला. माझं जॅकेट होतं, माझा मुलगा होता. तिचा काही संबंध नाही. संपलं. चिहारु, तो अर्ज फाडून टाक."

इनुकाइने मिनेकोकडे पाहिलं. टेबलाखाली बसलेला मालक त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. त्याने तोंड उघडलं, मिनेकोने मान हलवली, आणि त्याने ते मिटलं.

"नाही बाबा," साएको म्हणाली.

तिचा आवाज दुकानात किंमत सांगावी तसाच होता.

"मी केलं. दर वर्षी तुम्ही त्यांना म्हणायचा, मी मेल्यावर घाल. त्या दिवशी ते माझ्यासमोर नुसते पडले होते. मला वाटलं, आता हे कधी घालणार? तुम्ही तर जिवंत आहात. हे मी रागाने केलं की प्रेमाने, ते मला अजून कळलेलं नाही. त्या माणसाने सांगितलं धातू नको, म्हणून बटणं काढली. तुमची बटणं तुमच्याकडेच राहायला हवीत, म्हणून ती त्यांच्या जॅकेटला लावली आणि ते कपाटात टांगलं. वरून पांढरी चादर होती, फुलं होती. कुणाला दिसलं नाही. मला वाटलं होतं, तुम्ही दुसऱ्या दिवशीच ओरडाल. तुम्ही ओरडला नाहीत. मग मला सांगता आलं नाही. रोज सकाळी तुम्ही चहा घेऊन इथे यायचात आणि मी आत भांडी धरून उभी असायचे."

चिहारुला आता एकदम टेबलावरचं जॅकेट दिसलं. ती त्याच्याजवळ गेली आणि तिने खिशात हात घातला, धाकट्या भावाच्या खिशात घालावा तसा. मग ती तिथेच, कापडावर कपाळ टेकून रडायला लागली. इतक्या महिन्यांत त्या घरात पहिल्यांदा कुणीतरी मोठ्याने रडत होतं. इनुकाइ तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

उरागामी हळूहळू साएकोपर्यंत चालत गेले. तिने मान खाली घातली, कमरेतून वाकली, माफीचे शब्द तिच्या ओठांवर आले असावेत. त्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

"खांद्यात बसलं का त्याला?" त्यांनी विचारलं.

साएकोने मान वर केली. तिला प्रश्न कळायला वेळ लागला.

"बसलं," ती म्हणाली. "खांद्यात अगदी बरोबर. पाठीलाही. बाह्या तेवढ्या लांब होत्या."

"किती?"

तिने स्वतःच्या मनगटावर बोटं आडवी धरून दाखवली. म्हातारा त्या बोटांकडे बघत राहिला, मापाची फीत बघावी तसा.

"मग? दुमडल्यास?"

"दुमडल्या."

"चांगलं केलंस," सेइजी उरागामी म्हणाले. "कामाचं जॅकेट आहे. दुमडूनच घालायचं असतं."